तपकिरी वाळूचा खर्च किती?

खाऱ्या पाण्याची नवी टाकी लागते, महिना-दीड महिना जातो आणि पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर चढतो. दुकानात जाऊन सांगितलं की एक बाटली पुढे येते. हजार-पंधराशेची बाटली संपते, वाळू तशीच राहते. मग दुसरी बाटली, मग फॉस्फेट शोषणारे दाणे, मग वाळू उकरणारा मासा, शेवटी अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणारा ‘यूव्ही’ दिवा. एवढं सगळं घेऊन वर्षअखेरीला पंधरा-वीस हजार रुपये खर्ची पडलेले असतात आणि थर संध्याकाळी पुन्हा हजर असतो. यात बाटल्या खोट्या असतात असं नाही. तो थर नेमका कशाचा आहे, हे पाहण्याआधीच खरेदी सुरू होते, ही खरी अडचण. तपकिरी दिसणाऱ्या गोष्टी किमान तीन आहेत: डायटम, डायनोफ्लॅजेलेट (छंदिष्टांच्या बोलीत नुसते ‘डायनो’) आणि सायनोबॅक्टेरिया. पहिल्याला उपाशी ठेवावं लागतं, दुसरा उपासमारीतच फोफावतो. म्हणजे चुकीच्या निदानावर केलेला खर्च नुसता वाया जात नाही, तो दुखणं वाढवतो.

हिशेबासाठी आपल्याकडे सर्रास दिसणारी तीन फुटी टाकी धरू: ९० × ४५ × ५० सेंटिमीटर, म्हणजे साधारण २०० लिटर. भाव मुंबई-पुण्याची दुकानं आणि ऑनलाइन बाजार डोळ्यांसमोर ठेवून ढोबळ दिले आहेत. आयात मालाचे भाव डॉलरबरोबर हलतात, त्यामुळे आकड्यापेक्षा हिशेबाची रीत धरून ठेवा.

फुकटातली तपासणी

पहिला दिवस एक रुपयाही खर्च करू नका. सकाळी दिवे लागण्यापूर्वी वाळू बघा आणि रात्री दिवे मालवण्यापूर्वी पुन्हा बघा. डायटमचा थर भुकटीसारखा, सोनेरी-तपकिरी असतो. तो वाळूइतकाच काचेवर आणि दगडावरही बसतो, बोट फिरवलं की धूर उठावा तसा उडतो आणि एक-दोन दिवसांत परत येतो. डायनो चिकट असतात. त्यांच्या शेंबडासारख्या तारा सुटतात, तारांच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकतात; वाळू सकाळी बरीच स्वच्छ असते आणि दुपारनंतर तपकिरी होत जाते. टाकीतल्या गोगलगाई सुस्तावून उलट्या पडू लागल्या असतील तर संशय आणखी बळावतो. सायनोचा रंग लालसर-तपकिरी ते जांभळट, आणि त्याची खूण म्हणजे तो चादरीसारखा सलग सोलून निघतो. नाकाला कुबट वासही येतो.

एक घरगुती चाचणी करून बघण्यासारखी आहे. थर नळीने ओढून पाण्यासकट एका बरणीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून किंवा दुपदरी टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. डायनो असतील तर ते कागदातून निसटलेले असतात आणि उजेडात पुन्हा एकमेकांना धरून तारा करतात. डायटम किंवा नुसती घाण असेल तर असं काही घडत नाही.

खात्री मात्र सूक्ष्मदर्शकच देतो, आणि माझ्या मते या सगळ्या छंदात त्याच्याइतकी वसूल होणारी खरेदी दुसरी नाही. शाळेच्या दर्जाचा, ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक ₹२,५०० ते ₹५,०००ला मिळतो. अशा उपकरणांचा मोठा धंदा हरियाणात अंबाल्याला आहे आणि तिथला माल ऑनलाइन सहज येतो. घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप १४० पटींचा असतो. पेशींची हालचाल टिपायला तोही पुरतो. विकत घ्यायचं नसेल तर वनस्पतिशास्त्र शिकणारं कॉलेजातलं कोणी शोधा, किंवा ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाच मिनिटं मागून घ्या. काचपट्टीवर होडीच्या किंवा काडीच्या आकाराच्या, काचेसारख्या ताठ, हळूच सरकणाऱ्या पेशी दिसल्या तर डायटम. थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाला बांधल्यासारख्या गरगर फिरत असतील तर ऑस्ट्रिऑप्सिस नावाचा डायनो. चपट्या, अंडाकृती पेशी मुक्तपणे इकडेतिकडे पोहत असतील तर बहुधा अँफिडिनियम. नुसते लांब धागे असतील तर सायनो. डायनोमधल्या या दोघांचा फरक मोबाइलमध्ये व्हिडिओ घेऊन नीट बघून ठेवा. यूव्ही घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरतं.

डायटम असेल तर: पाण्याचा हिशेब

डायटमच्या पेशीला सिलिकाचं कवच असतं. पाण्यात विरघळलेलं सिलिकेट संपलं की त्यांची वाढ थांबते. नवी वाळू, नवे दगड आणि पहिल्यांदा भरलेलं पाणी यांतून आलेलं सिलिकेट वापरून होईपर्यंत थर राहतो, मग आपोआप ओसरतो. टाकी दोन-तीन महिन्यांच्या आतली असेल आणि काचपट्टीवर डायटम दिसले असतील तर काही विकत घेऊ नका. दिवे आठ तासांवर आणा, त्यातही पांढरे दिवे कमी करा, आठवड्याला वरवरचा थर नळीने ओढून घ्या. सहा ते आठ आठवडे कळ काढा. खर्च फक्त बदललेल्या पाण्यातल्या मिठाचा.

त्या मिठाचा हिशेब असा. समुद्राच्या पाण्याइतकी क्षारता आणायला लिटरमागे साधारण ३८ ग्रॅम मीठ लागतं. टाकीचं वीस टक्के पाणी बदलायचं तर ४० लिटर, म्हणजे दीड किलो मीठ. बादली किलोमागे ₹३५०ला पडत असेल तर एका पाणीबदलाला ₹५३०. थर ओढताना निघालेलं पाणी दर वेळी फेकून देणंही परवडत नाही, म्हणून एक युक्ती: आरओच्या सुट्या भागांच्या दुकानात पाच मायक्रॉनचं पांढरं पीपी कार्ट्रिज ₹६० ते ₹१५०ला मिळतं. ओढलेलं पाणी त्यातून गाळून परत टाकीत सोडा. डायटम त्यात अडकतात, मीठ वाचतं. कार्ट्रिज मात्र दर वेळी धुऊन वाळवा, तीन-चार वापरांनंतर फेकून द्या.

टाकी सहा महिने-वर्षाची झाली आणि डायटम हटत नाहीत, तर मग कुठून तरी रोज नवं सिलिकेट येत आहे. आपल्याकडे ते बहुतेक वेळा स्वयंपाकघरातूनच येतं.

महाराष्ट्राचा बराच भाग बसाल्टवर बसला आहे, आणि बसाल्टमधून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर असते. टँकरचं पाणी बहुतेक वेळा याच जातकुळीचं. धरणाच्या पाण्यात ती कमी, पण नसते असं नाही. घरातलं पिण्याच्या पाण्याचं यंत्र यूव्ही किंवा यूएफ असेल तर ते सिलिका अजिबात काढत नाही. आरओ असेल तर मेंब्रेन बरीचशी सिलिका अडवतं, पण पिण्याच्या यंत्रात त्यापुढे एक पेच असतो. पाण्याला चव राहावी म्हणून त्यात ‘टीडीएस कंट्रोलर’ असतो. तो थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. मग पुढे खनिजं घालणारं कार्ट्रिज. पिण्यासाठी हे ठीक, टाकीसाठी घातक. ‘आम्ही आरओचंच पाणी वापरतो’ म्हणणाऱ्या निम्म्या घरांत गोम इथे असते, असा माझा अंदाज आहे.

आता बाष्पीभवनाचा हिशेब करा. उन्हाळ्यात पंखा लावून टाकी थंड ठेवली तर २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. पाणी उडतं, सिलिका मागे राहते. वरून घातलेल्या पाण्यात समजा लिटरमागे १० मिलिग्रॅम सिलिका असेल, तर रोज ३० मिलिग्रॅम, महिन्याला ९०० मिलिग्रॅम. टाकीत लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमची भर. ती सगळी डायटमच्या कवचात जाते आणि वाळूवर दिसते. महिन्यातून दोनदा पाणी बदलून हे भरून निघत नाही, आणि बदललेलं पाणीही त्याच नळाचं असेल तर काहीच भरून निघत नाही.

दुसरी फसगत टीडीएस मीटरची. हा पेन ₹२०० ते ₹५००ला मिळतो आणि असावाच, पण तो पाण्याची वीजवाहकता मोजतो. पाण्यात विरघळलेली सिलिका बहुतांशी विद्युतभाररहित असते, त्यामुळे ती मीटरला दिसतच नाही. मीटरवर शून्य आणि पाण्यात सिलिकेट, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मेंब्रेनमधून निसटलेली सिलिका पकडायचं काम त्यापुढच्या डीआय (विआयनीकरणाच्या) रेझिनचं. पण रेझिन सिलिकेला सैल धरून ठेवतं, त्यामुळे रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी सिलिकाच सुटते, रंग बदलणाऱ्या रेझिनचा रंग बदलायच्याही आधी. म्हणून सिलिकेटचा वेगळा टेस्ट किट लागतो: ₹१,५०० ते ₹२,५००. चाचणी टाकीच्या पाण्याची नाही, डीआयमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची करा. टाकीतलं सिलिकेट डायटमनी आधीच गट्ट केलेलं असतं, तिथे शून्य दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका.

टाकीसाठी वेगळं आरओ-डीआय यंत्र तयार घेतलं तर ₹६,००० ते ₹१२,०००. पण आपल्याकडे आरओ दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत आणि सुटे भाग स्वस्त आहेत, याचा फायदा घ्या. ८० जीपीडीचं मेंब्रेन ₹७०० ते ₹१,५००, बूस्टर पंप आणि अ‍ॅडॉप्टर मिळून ₹१,२०० ते ₹१,८००, गाळणी-कार्बनची घरं आणि कार्ट्रिजं ₹८०० ते ₹१,२००, डीआयची दोन नळकांडी आणि किलोभर मिक्स्ड बेड रेझिन ₹१,००० ते ₹१,८००. जोडणी धरून चार-साडेसहा हजारांत काम होतं. मिस्त्रीला दोन गोष्टी ठणकावून सांगा: टीडीएस कंट्रोलर नको आणि खनिजांचं कार्ट्रिज नको. तो सवयीने बसवतोच. डीआयची नळकांडी एकापुढे एक दोन लावा. पहिल्यातून सिलिकेट निसटायला लागलं की दुसरं पुढे आणून मागे नवं रेझिन भरा, म्हणजे रेझिन पुरतं वापरलं जातं. रेझिनचा चालू खर्च महिन्याला दोन-तीनशेच्या घरात राहतो, बोअरच्या पाण्यावर जास्त. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं. ते फरशी आणि संडासासाठी साठवा.

तोवरची सोय म्हणून दुकानातून बॅटरीचं किंवा ‘डीएम’ पाणी आणता येतं, पण लिटरला पंधरा-तीस रुपये मोजायचे तर तीन लिटरच्या रोजच्या भरपाईला महिन्याला साडेतेराशे ते सत्तावीसशे जातात. चार महिन्यांत यंत्राची किंमत निघते. शिवाय त्या कॅनवर काय लिहिलंय याला किट लावल्याशिवाय अर्थ नाही.

काही जण थेट समुद्राचं पाणी आणतात किंवा पुरवठादाराकडून घेतात. मीठ वाचतं हे खरं. पण पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं पाणी किनाऱ्यावर येतं तेव्हा क्षारता उतरते आणि सिलिकेट चढतं. डायटमचं दुखणं चालू असताना जून ते ऑक्टोबर हे पाणी टाळा.

फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, म्हणजे जीएफओ, सिलिकेटही शोषतात. ५०० मिलिलिटरचा डबा ₹१,२०० ते ₹२,५००. पाण्याचा स्रोत दुरुस्त झाल्यावर उरलेलं सिलिकेट उचलायला त्याचा उपयोग आहे. आधी लावला तर दर महिन्याला नवा डबा घेत राहाल.

डायनो असेल तर: भरवायचं

आता उलटी बाजू. ऑस्ट्रिऑप्सिस, अँफिडिनियम, प्रोरोसेंट्रम, कूलिया ही मंडळी बहुतेक वेळा अशा टाकीत माजतात जिथे नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आलेत. शून्य पोषणात बाकीची शेवाळं आणि जिवाणू मागे पडतात, वाळूवर जागा मोकळी होते आणि डायनो ती बळकावतात. अशा टाकीत जीएफओ लावणं, माशांचं खाणं तोडणं, वरचेवर पाणी बदलणं म्हणजे पैसे देऊन त्यांचं रान मोकळं करणं.

भारतातल्या टाक्यांना हा त्रास अधिक का होतो, याचं एक कारण कायद्यात आहे. समुद्रातला जिवंत दगड म्हणजे मृत प्रवाळाचा सांगाडा, आणि आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे इथली टाकी बहुधा कोरड्या, भाजलेल्या किंवा बनवलेल्या दगडावर सुरू होते. कायदा योग्यच आहे. फक्त अशा टाकीत सूक्ष्मजीवांची विविधता सुरुवातीला फार कमी असते आणि वाळूवरची ही रणधुमाळी लांबते, हे धरून चालावं लागतं. एखाद्या ओळखीच्या, निरोगी, जुन्या टाकीतली मूठभर वाळू किंवा फिल्टरमधले दगड मागून आणणं हा फुकटातला आणि माझ्या मते बाटलीबंद जिवाणूंपेक्षा भरवशाचा उपाय.

उपचार म्हणजे पोषण वाढवणं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात आणून तिथे धरून ठेवायचं. बंदिस्त टाकीसाठी खास बाटल्या मिळतात, प्रत्येकी हजार-दोन हजारांच्या. त्याच गोष्टी द्राक्षबागायतदाराला पाठ असतात: १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. कृषी सेवा केंद्रात किलोचं पाकीट दीडशे ते तीनशेला मिळतं आणि जन्मभर पुरतं. प्रयोगशाळेच्या दर्जाचं रसायन हवं असेल तर ५०० ग्रॅमची बाटली चारशे-आठशेला. मी प्रयोगशाळेचंच घ्या म्हणेन. फरक थोड्या रुपयांचा आणि शुद्धतेची चिंता मिटते. पण खताच्या दुकानातून घेणारच असाल तर आकडे वाचून घ्या. १९-१९-१९ किंवा १२-६१-० उचललंत तर त्यात अमोनियाचं नत्र असतं, आणि ते माशांना विष आहे.

मात्रा अशी. २०० लिटरला नायट्रेट १ पीपीएमने चढवायला पोटॅशियम नायट्रेट साधारण ०.३३ ग्रॅम लागतं. दिवसाला १ ते २ पीपीएमपेक्षा घाई नको. फॉस्फेटसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातले १४ मिलिलिटर २०० लिटरला ०.०५ पीपीएमची भर घालतात. कोरडी वाळू आणि दगड फॉस्फेट शोषून घेतात, म्हणून पहिले काही दिवस आज घातलेलं उद्या दिसत नाही. रोज मोजा, रोज भरा. दगड-वाळू टाकीतली जागा अडवतात, तेव्हा प्रत्यक्ष पाणी १६०-१७० लिटरच असेल. मात्रा त्या प्रमाणात कमी करा.

खर्चाचा मोठा वाटा मोजमापात जातो. नायट्रेटचा किट ₹१,२०० ते ₹२,०००. फॉस्फेट इतक्या कमी पातळीवर रंगाच्या पट्टीवरून ओळखणं कठीण, म्हणून खिशात मावणारा डिजिटल फोटोमीटर बरा. तो ₹६,००० ते ₹९,०००च्या दरम्यान आणि त्याच्या चाचणीचं रसायन वेगळं. छंदातल्या दोघा-तिघांनी मिळून एक घेतला तर कुणालाच भार होत नाही. एवढा खर्च नकोच असेल तर माशांचं खाणं दुप्पट करा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थोडे तास बंद ठेवा, पाणी बदलणं थांबवा. हळू चालतं, पण चालतं.

सगळ्यात जास्त पैसे यूव्हीवर वाया जातात. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून यूव्ही त्याला गाठतो. मोठ्या पेशींचा अँफिडिनियम वाळूतच दडतो, त्याच्यावर यूव्ही म्हणजे शुद्ध नुकसान. सूक्ष्मदर्शकाचे तीन हजार इथे वसूल होतात. छंदिष्टांमधला ठोकताळा दर १०-१२ लिटरला एक वॅट, म्हणजे आपल्या टाकीला १८ वॅटचा. चिनी बनावटीचा ₹२,५०० ते ₹४,५००, नामांकित ₹१०,०००च्या पुढे. पाणी सम्पमधून (फिल्टरच्या वेगळ्या टाकीतून) नको, थेट टाकीतून ओढून टाकीतच सोडा, प्रवाह संथ ठेवा. वीज महिन्याला तेरा युनिट, म्हणजे शंभर-दीडशे रुपये. दिव्याची ताकद वर्षभरात उतरते. तीन महिन्यांचंच काम असेल तर कुणाकडून उसना आणणं शहाणपणाचं.

अँफिडिनियमसाठी काही अनुभवी लोक मुद्दाम सोडियम सिलिकेट घालून डायटम वाढवतात, म्हणजे डायटमनी वाळू व्यापावी आणि डायनोंना जागा उरू नये. वर ज्या सिलिकेटला हाकलायला साडेसहा हजार मोजले तेच विकत आणून घालायचं! तत्त्व बरोबर आहे, पण हे द्रावण अत्यंत अल्कधर्मी असतं आणि किट हाताशी नसेल तर हा खेळ करू नये.

तीन दिवस टाकी काळ्या कापडाने पूर्ण झाकून ठेवण्याचा उपाय फुकट आहे. त्याने डायनो मरत नाहीत, पण मागे हटतात; पोषण वाढवताना सुरुवातीला तेवढी उसंत उपयोगी पडते.

एक इशारा गंभीरपणे घ्या. ऑस्ट्रिऑप्सिसची विषं पॅलिटॉक्सिनच्या कुळातली आहेत. २००५ साली इटलीत जिनोआच्या किनाऱ्यावर तो माजला तेव्हा समुद्रावरून आलेल्या तुषारांनी सुमारे २०० जणांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला होता. त्यामुळे थर ओढताना नळी तोंडाने कधीही चोखू नका, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि तपकिरी दगड गरम पाण्याने धुऊ नका. हातमोज्यांची जोडी शंभर रुपयांची, हा खर्च कापू नका.

सायनो

हा सगळ्यात स्वस्त. वाळूवरून वाहणारा प्रवाह वाढवा, चादर सोलून नळीने ओढून टाका, माशांच्या खाण्याचा गाळ साठतो त्या कोपऱ्याकडे वेव्हमेकरचं तोंड वळवा. नवा वेव्हमेकर लागलाच तर ₹१,२०० ते ₹३,५००. लाल शेवाळाचं औषध म्हणून मिळणारी पूड काम करते, पण मेलेला सायनो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. हवेचा पंप लावल्याशिवाय ती घालू नका, आणि महिन्याभरात सायनो परत आला तर ती पुन्हा घेऊ नका.

सफाई कामगार आणि कायदा

परदेशी पुस्तकं वाळू स्वच्छ ठेवायला समुद्रकाकडी सुचवतात. भारतात ती ठेवू नका. समुद्रकाकडीच्या सगळ्या जाती २००१पासून पहिल्या परिशिष्टात आहेत. तिच्यासाठी तुरुंगवास किमान तीन, कमाल सात वर्षांचा. मोठ्या टर्बो आणि ट्रोकस शंखांतल्या काही जातीही संरक्षित यादीत आहेत. दुकानदार ‘चालतं सगळं’ म्हणतो तेव्हा पावती मागा. पावतीवर जातीचं नाव लिहायला तो कचरला तर तिथेच उत्तर मिळतं. स्थानिक प्रवाळवाळूचंही तसंच. आयात केलेली, पोत्यावर नाव असलेली अ‍ॅरागोनाइट वाळू घ्या आणि बिल जपून ठेवा.

कायदेशीर मिळणाऱ्यांत नासारियस गोगलगाय (नगाला ₹८० ते ₹२००) वाळू उकरते, पण ती मांसाचे उरलेले तुकडे खाते, शेवाळ नाही. सेरिथ थर खरवडून खाते. वाळू चाळणारा गोबी ₹८०० ते ₹२,०००ला मिळतो आणि वाळू दोन दिवसांत पांढरी करून दाखवतो. पण तो डायटम संपवत नाही, नुसते पुरतो. आणि तीन फुटी टाकीच्या वाळूत त्याला पुरेसं खाद्य नसतं, तो काही महिन्यांत खंगत जातो. मला हा सौदा पटत नाही. डायनो असतील तर कुठलीही गोगलगाय आणू नका, विषाने मरू शकते.

माणूस लावायचा तर

महानगरांत टाकी सांभाळणारे महिन्याला दोन फेऱ्यांचे ₹१,५०० ते ₹४,००० घेतात, मीठ-पाणी वेगळं. ठरवताना पाणी कुठून आणणार, ते विचारा. ‘आमचं पाणी चांगलं असतं’ हे उत्तर नाही. तुमच्या समोर सिलिकेटचा किट लावायला सांगा. नळी, बादली आणि खरवडणी तुमच्या घरचीच वापरायला लावा. एका टाकीतले डायनो दुसऱ्या टाकीत ओल्या नळीतूनच पोचतात.

वाळू बदलण्याचा सल्ला हा माणूस लवकर देतो, कारण त्यात मजुरी असते. डायटमसाठी वाळू बदलणं निरर्थक, नवी वाळू नवं सिलिकेट घेऊन येते. अँफिडिनियम चार-पाच महिन्यांनीही हटला नाही तर वाळू काढण्यात अर्थ आहे, पण एका फेरीत नाही. जुन्या, दाट वाळूच्या तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. सगळी वाळू एकदम उपसली तर मासे एका रात्रीत जातात. दर पाणीबदलाच्या वेळी जाड नळीने एक पट्टा ओढून काढायचा, पाच-सहा फेऱ्यांत सगळी वाळू निघते. २०० लिटरला दोन-तीन सेंटिमीटरच्या थरासाठी १५ ते २० किलो वाळू लागते, किलोला ₹१०० ते ₹२५०. ती लगेच भरू नका. दोन महिने काच उघडी राहू द्या, नायट्रेट-फॉस्फेट पट्ट्यात धरा, आणि काचपट्टीवर पोहणाऱ्या पेशी दिसेनाशा झाल्या की मग पोतं फोडा.